डायनमो नसलेली गाडी

सासऱ्याचा ऑक्सिजन मी बंद केला, असं आमच्या सान पाब्लो गावात लोक बोलतात. खोटं नाही ते. पण कसं झालं हे कुणी धड विचारलं नाही, म्हणून सांगतो.

मी एवारिस्तो कोपा. उयुनीच्या मिठाच्या मैदानावर पर्यटक फिरवतो. बायकोचं नाव निकोला, तिचे वडील सातुर्निनो लुपा. त्यांना सगळे ताता म्हणत, मीही म्हणायचो. तातांनी चांदीच्या खाणीत तीस वर्षं काढली आणि बाहेर आले ते दगडाची धूळ छातीत भरूनच. शेवटी शेवटी घरापासून लामा जनावरांच्या कुंपणापर्यंत जायला त्यांना तीनदा बसावं लागायचं.

तीन वर्षांपूर्वी मी एक वापरलेली जीप घेतली. माइल्ड हायब्रिड, म्हणजे डिझेल इंजिनाला विजेच्या छोट्या मोटरची जोड. बाकीचे ड्रायव्हर हातोडीने ठोकून चालू करता येतील अशा जुन्या गाड्या धरून बसले होते. ते मला हसले. "एवारिस्तो, चढ आला की हिला चार्जरला लावतोस का रे?" पण ती डिझेल कमी प्यायची, आणि तेव्हा पंपावर डिझेलसाठी दोन-दोन दिवस रांगा लागत होत्या.

तातांनी पहिल्याच दिवशी बॉनेट उघडायला लावलं. बराच वेळ आत बघत उभे राहिले.

"डायनमो कुठंय?"

"वेगळा नाही, ताता. ही पट्ट्यावरची मोटर दिसते ना, तीच गाडी सुरू करते, चढाला रेटा देते आणि बॅटरीही तीच भरते."

"म्हणजे एकाच माणसाने खणायचं, त्यानेच वाहायचं आणि दिवाही त्यानेच धरायचा," ताता म्हणाले. "तो आडवा झाला की संपलं. असू दे, जावईबापू. तुमची गाडी, तुमची हौस."

पहिली दोन वर्षं काही तक्रार नव्हती. पावसाळ्यात मैदानावर घोटाभर खारं पाणी साचतं आणि पर्यटकांना त्या आरशातच फोटो हवे असतात. मी गाडी त्यात घालायचो, संध्याकाळी धुऊन काढायचो. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तांबडा दिवा लागला. दोन दिवसांनी आपोआप गेला, मग परत लागला. माकारियो मेकॅनिकने मोटरचा जोड उघडला, तर आत हिरवी बुरशी धरावी तसं काहीतरी जमलेलं.

"मीठ वायरीच्या आत शिरलंय," तो म्हणाला. "मी पुसून देतो, पण हे तोंडाला पावडर लावल्यासारखं आहे. मोटर आणि जोड, दोन्ही बदल. सांता क्रूसहून यायला चाळीस दिवस लागतील. आजच सांगू का?"

"सीझन संपू दे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे एक व्होल्टमीटर बसवून दिला. "चौदा दाखवतोय तोवर ठीक. उतरायला लागला तर इंजिन बंद करू नकोस. परत सुरू होणार नाही."

दिवा परत लागला नाही. मे गेला, जून गेला. गाडी आपोआप बरी होत नसते, हे मला का ठाऊक नव्हतं? पण मी ते मनावर घेतलं नाही.

जुलैत, आमच्याकडच्या ऐन थंडीत, तातांना ताप आला. ओठ निळे पडले. आरोग्य केंद्रातली नर्स देल्फिना म्हणाली, "यांना तुपिसाला न्या. ते गाव इथून हजार मीटरहून जास्त खाली आहे, तिथली हवा दाट. इथे चार दिवससुद्धा निघायचे नाहीत." केंद्राची रुग्णवाहिका उयुनीला गेलेली, ऑक्सिजनचं नळकांडं रिकामं. तिने एक छोटं यंत्र दिलं, हवेतूनच ऑक्सिजन गाळून घेणारं. "याची स्वतःची बॅटरी म्हातारी झालीय, वीस मिनिटं टिकते. गाडीच्या सॉकेटला लावा म्हणजे चालत राहील."

सकाळी आठला निघालो. निकोला मागे, तातांचं डोकं तिच्या मांडीवर. पुढच्या सॉकेटमध्ये यंत्राची वायर, माझ्या गुडघ्याशी. ऊन लख्ख पडलेलं, पण वारा असा की ओहोळ दुपारीही गोठलेलेच राहतात. आधी खिंडीपर्यंत चढायचं आणि मग तुपिसापर्यंत सगळा उतार.

खिंड अर्ध्या तासावर राहिली तेव्हा तांबडा दिवा लागला. व्होल्टमीटर तेराच्या खाली आला, मग बाराच्या. मी हीटर बंद केला, रेडिओ बंद केला. बोललो काही नाही. पण यंत्राची घरघर जरा खाली बसली आणि ते तातांनी ऐकलं. सगळा जन्म पंपांचे आवाज ऐकण्यात गेलेला माणूस.

"काटा किती?"

"बारा आहे, ताता."

"खरं सांग."

"अकरा आठ."

ते श्वास ओढत म्हणाले, "इंजिनालाही... तीच बॅटरी. मलाही तीच. दोघांना पुरायची नाही."

"ताता, गप्प पडा बघू," निकोला म्हणाली. "एवारिस्तो, मागे वळव."

"मागे नळकांडं रिकामं आहे, निकोला."

"मागे... हवा नाही," ताता म्हणाले. "हवा खाली आहे. इथे गाडी बसली तर... सगळंच बसलं. काढ वायर."

मी काढली.

यंत्र स्वतःच्या बॅटरीवर पंधरा-सोळा मिनिटं चाललं. मग टूं टूं करायला लागलं आणि थांबलं. खिंड समोर दिसत होती, पण रस्ता वळणावळणाचा.

"लाव परत," निकोला म्हणाली. "लाव म्हणते ना!"

व्होल्टमीटर अकरा तीन दाखवत होता. मी लावली नाही. ती पुढे झुकली आणि वायर ओढायला लागली. तातांनी तिचं मनगट धरलं. बोलायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, नुसतं धरून ठेवलं.

खिंडीत दगडांची रास आहे. तिथे थांबून आपला दगड ठेवावा, कोकाची पानं वाहावीत अशी आमची रीत. मी थांबलो नाही. पलीकडे तिसऱ्या वळणावर इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक दोनदा दाबल्यावर कडक झाला. मी दोन्ही पाय देऊन दाबत, गाडी तशीच उतारावर सोडली.

निकोला "लवकर" म्हणून ओरडेल असं वाटलं होतं. थोड्या वेळाने ती मागून अगदी हळू आवाजात म्हणाली, "सावकाश चालव."

तेव्हा मला कळलं, आता घाई उरली नव्हती.

खाली लसणाची पोती नेणारा एक ट्रक भेटला. त्याने आम्हाला तुपिसाला पोचवलं. तिथल्या डॉक्टरला मी विचारलं, वायर लावून ठेवली असती तर? तो म्हणाला, "खाली पोचून नीट ऑक्सिजन मिळाला असता तर वर्षभर काढलं असतं कदाचित. कदाचित आठवडाही नाही." माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

माकारियोने गाडी ओढून नेली. जोड हातात घेतल्यावर त्याचे तुकडे पडले. ते त्याने माझ्या तळहातावर ठेवले. भाग मागवला, चाळीस दिवसांनी आला. गाडी आता उत्तम चालते. व्होल्टमीटर चौदावरून हलत नाही.

निकोलाने मला दोष दिला नाही. एकदाच, बटाटे सोलताना, म्हणाली, "मेमध्येच भाग मागवला असतास तर जूनअखेर गाडीत बसला असता." मी हो म्हटलं. ती सोलत राहिली. त्या गाडीत ती परत बसलेली नाही. तुपिसाला जायचं असेल तर पहाटे उठून ट्रकची वाट बघते.

मी गाडी विकायला काढली. गेल्या रविवारी अलोताहून एक जण बघायला आला. चाकं बघितली, चालवून बघितली, खूश झाला. एवढ्यात निकोला हात पुसत बाहेर आली आणि त्याला बॉनेट उघडायला लावून मोटर दाखवली.

"ही बदललीय. पण बाकीच्या सगळ्या वायरी जुन्याच आहेत, तीन पावसाळे मिठात भिजलेल्या. हिला दुसरा डायनमो नाही. माझे वडील या मागच्या सीटवर गेले."

त्या माणसाने टोपी काढली, मान हलवली आणि निघून गेला.

"अशी कोण घेणार गाडी?" मी म्हणालो.

"पुढच्यालाही सांगणार," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्यालाही."