पहिला बार

"शुक्रवारपर्यंत होईल?" क्लोव्हिसने विचारलं आणि बंदूक ओव्हीदच्या दुरुस्तीच्या शेडमधल्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, ढकललीच. मग दोन्ही हात पँटला पुसले.

ओव्हीदने सवयीप्रमाणे आधी बंदूक रिकामी आहे का ते पाहिलं. नव्हती. आत एक काडतूस होतं. त्याने ते काढून खणात टाकलं. क्लोव्हिस पीत्रने उभा जन्म शहरी शिकाऱ्यांना दलदलीत बदकांच्या मागे नेण्यात घालवला होता. भरलेली बंदूक घेऊन नावेत बसलेल्या माणसाला त्याने उतरवून चिखलातून चालत घरी पाठवल्याची गोष्ट खाडीकाठी अजून सांगत. तोच आज भरलेली बंदूक घेऊन आला होता.

"होतंय काय तिला?"

"पहिला बार निघतो. मग अडकते. रिकामी पुंगळी बाहेर टाकत नाही, दुसरं काडतूस वर घेत नाही."

ओव्हीदला दुखणं तिथेच कळलं. या बंदुका स्वतःच्याच धुरावर चालतात. बार उडाला की नळीतल्या बारीक भोकांतून थोडा वायू खाली उतरतो, पिस्टनला मागे रेटतो, आणि त्या रेट्याने रिकामी पुंगळी बाहेर पडून नवं काडतूस आत येतं. लुइझियानाच्या खाऱ्या दलदलीत हिवाळाभर वापरल्यावर भोकं काजळीने बुजतात, रेटा कमी पडतो आणि बंदूक अर्ध्यावर रुसते. अशा कितीतरी त्याने चालत्या केल्या होत्या. दुरुस्त न होता त्याच्या शेडमधून एकही बंदूक परत गेली नव्हती, आणि एरवी गरीब गाईसारखा असलेला हा माणूस तेवढ्या एका गोष्टीची फुशारकी मारायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम झालंही. रबरी रिंग तडकली होती, ती बदलली. भोकं बारीक तारेने मोकळी केली. दस्त्यातली स्प्रिंग गंजून आखडली होती. तिच्या जागी नवी घातली. मग शेडमागे जाऊन पाण्याच्या दिशेने तीन बार काढले. तीन पुंगळ्या उडून गवतात पडल्या. ओव्हीद खूश होऊन आत आला.

वेल्मा स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. नवऱ्याकडे न बघताच तिने सांगितलं की क्लोव्हिसने आपली कुत्री देऊन टाकली, बिजू. लाफायेत शहरातल्या चुलतभावाला. आणि बदकांना भुलवायची लाकडी बदकं चर्चच्या विक्रीत ठेवली, सगळी.

"बिजू देऊन टाकली?" ओव्हीदने विचारलं.

"रोझलीसारखी बायको वारल्यापासून तेवढीच उरली होती त्याला."

ओव्हीद खुर्चीवर बसला. मार्च चालू होता. बदकांचा हंगाम जानेवारीतच संपलेला, पुढचा सप्टेंबरशिवाय नाही. कुत्री नाही, लाकडी बदकं नाहीत, हंगाम नाही. मग बंदूक शुक्रवारपर्यंत कशाला हवी?

तो उठून शेडमध्ये गेला. नुकती जोडलेली बंदूक त्याने पुन्हा खोलली, जो नसला तर बारच उडत नाही तो तिचा बोल्ट काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि वेल्माच्या हातात दिला. कुठे ठेवतेस ते मलाही सांगू नकोस, म्हणाला.

शुक्रवारी क्लोव्हिस आला तेव्हा ओव्हीद आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलला. सुटा भाग मागवलाय, आला नाही. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते, शुक्रवारी मटण चालत नाही म्हणून वेल्माने मासे तळले होते. तिने क्लोव्हिसला हाताला धरून टेबलाशी बसवलं. तो दोन घास खाऊन गेला. पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. भाग येत नव्हता, क्लोव्हिस येत होता, आणि दर खेपेला त्याचे गाल आणखी आत गेलेले असत. रस्त्यावर त्याच्या ट्रकचा आवाज आला की ओव्हीदला भीती वाटायची. आला नाही तर काय, या विचाराने तर जास्तच.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी क्लोव्हिस स्वयंपाकघराकडे वळलाच नाही. सरळ शेडमध्ये शिरला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर.

"बंदूक दे."

"भाग अजून..."

"नको तुझा भाग. तशीच दे. पहिला बार निघतो ना? बास झालं."

ओव्हीद दारात जाऊन उभा राहिला. क्लोव्हिस त्याच्याहून हातभर उंच आणि अंगाने दुप्पट होता. टेबलावर हातोडी पडली होती. ती दोघांनीही पाहिली. बाहेर खाडीतून एक कोळंबीची होडी फटफटत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही.

मग ओव्हीद हळूच म्हणाला, "पहिला बार निघत होता, तर माझ्याकडे आणलीस कशाला?"

क्लोव्हिसची नजर हातोडीवरून खाली जमिनीवर गेली.

"सरळ विचारतो, क्लोव्हिस. जीव द्यायचा होता का तुला?"

क्लोव्हिस उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. त्याचे खांदे हलत होते.

"घरात कपाटात होती ती," तो म्हणाला. "कपाटाजवळून जाता येईना मला. म्हणून आणली. आणि आणल्यावर रोज वाटायचं, परत घरी न्यावी."

"मग सांगायचं ना, बाबा."

"काय सांगू? बायको गेली तर जग थोडंच थांबतं, असं मीच सांगत आलो लोकांना."

ओव्हीद त्याच्या शेजारी जमिनीवरच बसला. वेल्मा केव्हा दारात आली, दोघांनाही कळलं नाही. त्या रात्री त्यांनी क्लोव्हिसला घरी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ओव्हीदने त्याला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं, आणि मग दर आठवड्याला नेत राहिला. गोळ्या होत्या, नुसतं बसून बोलणं होतं. चांगले दिवस थोडे आणि वाईट बरेच असा उन्हाळा गेला, पण गेला.

हंगाम तोंडावर आला तेव्हा एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर माणसं बंदुकांच्या गप्पा मारत उभी होती. कोणीतरी क्लोव्हिसला विचारलं, तुझी कुठाय?

"ओव्हीदकडे," तो म्हणाला.

"अजून? मार्चपासून?" हशा पिकला. शेवटी दुकानवाल्या एवेलिनचा नवरा म्हणाला, "ओव्हीद, रागावू नको हं, पण माझी बंदूक मी यंदा शहरातच देतो. वय होतंय तुझं." दोघाचौघांनी माना हलवल्या.

क्लोव्हिसचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी बोलणार तोच ओव्हीदने त्याच्या दंडाला हात लावला.

"बरोबर आहे," ओव्हीद म्हणाला. "नजर गेली रे. बारीक भोकं दिसत नाहीत आता."

तो टोपी हातात घेऊन पायऱ्या उतरू लागला. क्लोव्हिस त्याच्या मागोमाग गेला, ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसला. गाडी वळवायला ओव्हीदचे दोन्ही हात लागत होते, म्हणून टोपी क्लोव्हिसने घेतली, आणि घर येईपर्यंत तो ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसून राहिला.