दोघी जावांचं जहाज

जहाजाची तिकिटं धाकटीनं काढली नव्हती, पण नको नको म्हणणाऱ्या मोठीला जहाजावर चढवलं होतं तिनंच. त्यामुळे पहिल्या तासापासून जे जे बिघडत गेलं, ते सगळं आपल्याच माथी येणार, असं ती धरून चालली होती.

तिकिटं लागली होती मोठीच्या लेकीला, ऑफिसच्या सोडतीत. दोघांची केबिन, पाच दिवसांची सफर, खाणंपिणं सगळं त्यातच. लेकीला रजा मिळेना. ती म्हणाली, "आई, तू आणि काकू जा." मोठीनं एकच विचारलं, "मग घरातल्या जेवणाचं कोण बघणार?" त्यावर घरातले सगळे एकमेकांकडे बघत राहिले, कारण तो प्रश्न या घरात याआधी कुणाला पडलाच नव्हता. शेवटी धाकटी म्हणाली, "पाच दिवसांनी कुणी उपाशी मरत नाही, ताई. चला तुम्ही."

या दोघी सख्ख्या जावा. अठ्ठावीस वर्षं एका घरात, एका छपराखाली. मोठीचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरात मोठी, तिची लेक, धाकटी आणि धाकटीचा नवरा अशी चार माणसं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा बसवायच्या, दांड्या सरळ करायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. त्यामुळे माणसाच्या चेहऱ्यावरचं ताडण्यात ती तरबेज होती. फक्त मोठीचा चेहरा तिला कधी वाचता आला नाही. अठ्ठावीस वर्षांत दोघींचं एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि मोकळेपणी बोलणंही झालं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात धाकटी चहा टाकायला गेली, तेव्हा मोठी तिच्या हातातून पातेलं घेत म्हणाली होती, "राहू दे, मी करते." तेवढंच. पण धाकटीनं तेव्हा जे समजायचं ते समजून घेतलं, आणि पुन्हा गॅसपाशी गेली नाही. भाज्या चिरल्या, भांडी घासली, बाजार आणला. स्वयंपाक मात्र मोठीचा. आणि तो असा, की आलागेला पाहुणा बोटं चाटत उठायचा.

अशा सुगरणीला घेऊन धाकटी जहाजावर निघाली होती.

बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांना साडेतीन तास रांगेत उभं केलं. बसायला बाकं नाहीत, प्यायला पाणी नाही. केबिनमध्ये पोचल्या, तर 'समुद्र दिसणारी खोली' म्हणून जी सांगितली होती तिच्या खिडकीबाहेर जीवरक्षक होडीचं केशरी पोट लटकत होतं. त्याच्याखालून दोन बोटं समुद्र दिसायचा, तोही मान वाकडी केली तर. एअर कंडिशनरमधून धाकटीच्या उशीवर थेंब थेंब पाणी गळत होतं. टॉवेल एकच. दुसरा मागितला, तर फोनवरची बाई म्हणाली, पाठवते. तो तिसऱ्या दिवशी आला, आणि आला तोही ओलाच.

"छान आहे," मोठी म्हणाली आणि पलंगावर पाय पसरून बसली.

धाकटीला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

खरी परीक्षा जेवणघरात होती. भलंमोठं दालन, छताला झुंबरं, टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि त्या चादरींवर आदल्या जेवणाचे डाग. सूप आलं ते धुण्याच्या पाण्याच्या रंगाचं. भाताचा साच्यातून काढल्यासारखा गोळा. चमचा मारला की एकसंध हलायचा. आणि बटाटे. दुपारी उकडलेले बटाटे, रात्री तेच भाजलेले, सकाळी तेच कुस्करलेले, आणि प्रत्येक वेळी छापील कार्डावर नाव नवं. वाढायला जो माणूस होता तो काहीही मागितलं की "आलोच" म्हणून जो गायब व्हायचा तो जेवण संपेपर्यंत दिसायचा नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचं नावच 'आलोच' पडलं. शेजारच्या टेबलावरचे एक निवृत्त मास्तर प्रत्येक घासाला मान हलवायचे. त्यांची बायको म्हणायची, "तुम्ही मान हलवू नका हो, माझा घास अडकतो."

मोठी मात्र शांतपणे जेवत होती. सूप संपवलं, भात संपवला, बटाटे संपवले आणि म्हणाली, "अजून मिळतील का गं?"

धाकटीला वाटलं, ही आता आपल्याला चांगलीच अद्दल घडवतेय. काही बोलणार नाही, पण घरी गेल्यावर एकच वाक्य टाकेल आणि ते आपल्याला जन्मभर पुरेल.

दुसऱ्या दिवशी ज्या बेटावर उतरायचं होतं ते आलंच नाही. कर्ण्यातून खरखरत काहीतरी सांगण्यात आलं, त्यातला 'दिलगीर' एवढाच शब्द कळला. पोहायचा तलाव कोरडा, त्याच्यावर जाळी टाकलेली. लोक डेकवर घोळका करून तावातावानं बोलत होते. मोठी त्यांच्यापासून दूर एका खुर्चीत डोळे मिटून बसली होती. धाकटी तीनदा जाऊन विचारून आली, "बरं वाटतंय ना, ताई?" तिन्ही वेळा मोठी म्हणाली, "हो गं. तू जा, फिर."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या नाश्त्याला पुन्हा कुस्करलेले बटाटे आले, आणि धाकटीचा धीर सुटला. मोठीला केबिनमध्ये सोडून ती तडक तक्रारखिडकीवर गेली. तिथं दीड तास रांग. तिचा नंबर आला तेव्हा खिडकीतली बाई म्हणाली, "तक्रारीचे फॉर्म संपलेत."

"मग तोंडी ऐका," धाकटी म्हणाली. दुकानात अठ्ठावीस वर्षं तिनं गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलं होतं. आज ती गिऱ्हाईक होती. तिनं गळकं पाणी, टॉवेल, होडीचं पोट आणि आलोच, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझ्या जाऊबाई इतका उत्तम स्वयंपाक करतात, आणि त्यांच्यापुढे तुम्ही हे वाढताय. मला त्यांच्याकडे बघवत नाही."

बाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "उत्तम करतात?"

"त्यांच्या हातचं खाल्लंत तर हे जहाज सोडून आमच्या घरी याल."

बाई दमलेली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती जरा पुढं वाकली. उद्या दुपारी मोठ्या दालनात सगळ्यांसमोर स्वयंपाक करून दाखवायचा कार्यक्रम होता. त्यासाठी ठरलेला आचारी जहाजावर चढलाच नव्हता. प्रवाशांपैकी कुणी उभं राहिलं तर कंपनी आभारी होईल. शेगडी, सामान, हाताखाली दोन माणसं, हवं ते मिळेल. आणि जे शिजेल ते दोघींनी पोटभर खावं.

धाकटीला आनंदानं काही सुचेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मोठीच्या मनासारखं घडत होतं. तिनं तिथल्या तिथं मोठीचं नाव लिहून दिलं आणि जिने चढत केबिनमध्ये आली.

मोठी खिडकीपाशी बसून होडीचं पोट बघत होती. धाकटीनं एका दमात सगळं सांगितलं. "उद्या दुपारी, ताई. तुम्ही म्हणाल ते सामान देतील. सगळं जहाज बघायला येईल. या लोकांना एकदा कळू दे, जेवण कशाला म्हणतात."

मोठीचा चेहरा उतरला. वाचायला कठीण वगैरे काही नव्हतं त्यात. कुणालाही कळावं असा तो उतरला. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "इथंही?"

"म्हणजे?"

"इथंही मीच का? धाकटे, तुझ्या पाया पडते, मला पाठवू नकोस."

धाकटी उभ्याउभ्याच गार पडली. एवढी मोठी बाई, आणि पाया पडण्याचं बोलते. ती घाईनं तिच्याशेजारी बसली. "नाही पाठवत. कोण पाठवतंय? मला वाटलं, तुम्हाला आवडेल. तुम्हाला स्वयंपाकाची एवढी आवड."

"मला नाही आवड."

"काय?"

"स्वयंपाकाची आवड नाही मला. कधीच नव्हती." मोठीनं पदरानं डोळे पुसले. एकदा सांडलं म्हटल्यावर तिला थांबता येईना. "लग्नाच्या आधीही नव्हती. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार, आज काय करायचं. रात्री पाठ टेकली की, उद्या काय करायचं."

"पण इतका चांगला कसा करता मग?"

"नीट झाला नाही तर पुन्हा करावा लागतो, म्हणून. आणि सगळ्यांनी कौतुक करून करून मला तिथंच उभं करून ठेवलं. एवढं कौतुक करणाऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू, मला हे नकोय?"

धाकटीनं हळूच विचारलं, "आणि हे इथलं जेवण? तुम्ही तर मागून घेत होता."

"अगं, भिकार आहे ते," मोठी म्हणाली. "पण मी केलेलं नाही ना. मीठ कमी पडलं तर कुणी माझ्याकडे बघत नाही. पुरेल का, उरेल का, बघायला नको. ते पुढ्यात आणून ठेवतात आणि मी जेवते. तीन दिवस मी नुसती जेवतेय. मला वाटत होतं, तू परत घरी चला म्हणशील की काय, म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही."

आता हसावं की रडावं हे धाकटीला कळेना. मनात अठ्ठावीस वर्षं पडून असलेली गोष्ट तिच्या तोंडून निघून गेली. "मग मला का नाही येऊ दिलंत गॅसपाशी? पहिल्याच आठवड्यात हातातून पातेलं काढून घेतलंत. मला वाटलं, मी तुम्हाला तिथं नको आहे."

मोठी तिच्याकडे बघतच राहिली. "सासूबाईंनी बजावलं होतं मला. ही नोकरी करणारी आहे, हिला स्वयंपाकात राबवलंस तर नवऱ्याला घेऊन वेगळी राहील. मला भीती वाटली. तू गेली असतीस तर त्या घरात मी कुणाबरोबर राहिले असते?"

"आपण तर बोलतही नव्हतो."

"नव्हतो. पण तू संध्याकाळी यायचीस ना घरी."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं तो कुठं टांगलेला होता हेसुद्धा तिला आत्ताच कळलं. तिनं मोठीचा हात धरला. उशीवर पाणी गळत होतं, पण ती उचलायला कुणी उठलं नाही.

मग मोठीला एकदम आठवलं. "त्या बाईला सांगायला हवं."

"मी सांगते जाऊन."

"नको. मीच सांगते."

दोघी मिळून खिडकीवर गेल्या. रांग होतीच. नंबर आल्यावर मोठी पुढे झाली, पदर सारखा केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "माझं नाव काढा. मला स्वयंपाक येत नाही."

खिडकीतली बाई धाकटीकडे बघायला लागली. धाकटी म्हणाली, "खरंच नाही येत. माझीच काहीतरी गल्लत झाली."

बाईनं सुस्कारा टाकून नाव खोडलं. मोठी वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की रांगेतल्या मास्तरांनी विचारलं, "काय हो, तक्रार ऐकली वाटतं तुमची?" मोठी म्हणाली, "हो, ऐकली." आणि जिन्यापर्यंत पोचल्यावर दोघींना जे हसू फुटलं ते कठडा धरून आवरावं लागलं.

त्या संध्याकाळी कर्णा पुन्हा खरखरला. इंजिनात बिघाड होता. एक दिवस आधीच, उद्या दुपारी जहाज बंदराला लागणार होतं. जेवणघरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. सबंध सफरीत जहाजावर एवढी आनंदाची गोष्ट दुसरी घडली नव्हती. धाकटीलाही हायसं वाटलं. कोरड्या उशीवर डोकं टेकायला ती आसुसली होती. मोठी बटाट्याचा घास घेत म्हणाली, "एक दिवस गेला बघ माझा."

"जायचा नाही," धाकटी म्हणाली.

घरी पोचल्या तेव्हा दारातच धाकटीचा नवरा म्हणाला, "आलात एकदाच्या. वहिनी, चार दिवस पावावर काढले आम्ही." लेक म्हणाली, "आई, आज काहीतरी तुझ्या हातचं कर."

धाकटीनं मोठीकडे पाहिलं. बोलावं का आपण? पण मोठीनं पिशवी खाली ठेवली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "भावजी, मी आता रोजचा स्वयंपाक करणार नाही. मला आवडत नाही तो." एवढं बोलून ती थांबली. तिला वाटलं होतं आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. धाकटीचा नवरा थोडा वेळ डोकं खाजवत उभा राहिला. "आवडत नाही? आणि इतकी वर्षं?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "सांगायचंस ना गं." मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि तिघांनी वार वाटून घेतले. मोठीनं एकही वार घेतला नाही. कुणी आग्रहही केला नाही.

पहिली संध्याकाळ धाकटीची होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा सगळ्या घराचा स्वयंपाक करत होती. भात खाली लागला, रस्सा पाण्यासारखा पातळ झाला. नवऱ्यानं पहिला घास घेतला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पुतणीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं दुसरा घास घेतला. मोठी मात्र निवांत जेवली. दोनदा भात मागून घेतला. जेवण झाल्यावर ताट बेसिनमध्ये तसंच ठेवून तिनं चपला घातल्या.

"कुठं निघालात, ताई?"

"अशीच. कोपऱ्यापर्यंत जाऊन येते."

धाकटी करपलेलं पातेलं घासत राहिली. बूड काही सुटेना, मनगट दुखायला लागलं, केसांना धुराचा वास येत होता. पण मनावरचं एवढं ओझं उतरलं होतं, की आपण काहीतरी गुणगुणतोय, हे तिला नवरा बघायला येऊन उभा राहिला तेव्हा कळलं.