निळ्या चाकाचे नट

शालनच्या पत्राला भगवानरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं होतं पावसाळ्यात, आणि आता जयंतीची सकाळ उजाडली होती.

पत्र लहानच होतं. 'तुम्ही एकटे, मी एकटी. मुलीला विचारलं, तिची हरकत नाही. नर्सरीमागच्या माझ्या घरात एक लांब भिंत रिकामी आहे. कोरडी आहे. तुमची पुस्तकं मावतील. हो की नाही, कळवा.'

सगळा जन्म ग्रंथालयात काढलेल्या माणसाला 'भिंत कोरडी आहे' यापेक्षा गोड कोणी काय लिहिणार? भगवानरावांनी त्याच दिवशी पोस्टकार्ड घेतलं, सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला आणि मायन्याशी अडकले. 'शालनताई' लिहावं तर उत्तर तिथंच निकालात निघतं. 'प्रिय' लिहायला हात धजेना. ते कार्ड या सदऱ्याच्या खिशातून त्या सदऱ्याच्या खिशात फिरत राहिलं.

आज ते शालनच्या पिकअपमध्ये, तिच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर पिंपळाचं रोप घेऊन बसले होते. आंबिवलीच्या नर्सरीतली रोपं कोपरच्या विहारात वाटायला न्यायची होती. पांढरीशुभ्र साडी नेसून शालन गाडी चालवत होती. मागे रोपांच्या गर्दीत तिचा भाऊ नाथा निळा झेंडा धरून उभा होता आणि दिसेल त्याला जयभीम घालत होता. आदल्या दिवशी गाडी पंक्चर झाली, तेव्हा स्टेपनी त्यानेच चढवली होती. आणि जयंती म्हणून त्याआधी स्टेपनीसकट सगळ्या चाकांना निळा ऑइलपेंट फासला होता, चांगला साय धरेल इतका.

कल्याण मागे पडलं आणि भगवानरावांना डाव्या बाजूने कटकट ऐकू आली. आधी वाटलं, आपलेच कान. मग वाटलं, आपलंच काळीज. तेही सकाळपासून धड चालत नव्हतं. पण काळीज वळणावर जास्त कशाला वाजेल?

"गाडी थांबवा," ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजाला दचकले.

शालनने गाडी कडेला घेतली. भगवानराव वाकले. कालच चढवलेल्या चाकाचा नट चिमटीत फिरला.

"मी स्वतः आवळलेले," नाथा वरून म्हणाला.

"रंगावर आवळले," भगवानराव म्हणाले. "नट आणि चाक यांच्यामध्ये रंग राहिला, की तो दबतो, सुटतो, आणि नट ढिला पडतो. मी वाचलंय." मग लगेच शंका आली. "बहुतेक."

जॅक लावला. चाक काढलं. शालनने नर्सरीतलं खुरपं आणलं आणि साडीचा पदर खोचून नट बसतात तिथला निळा रंग खरवडला. तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक निळा ठिपका उडाला. भगवानरावांना जग एकदम फार देखणं वाटलं. त्यांनी नट हाताने बसवले, मग पान्याने एक आवळला, त्याच्या समोरचा आवळला, असं करत सगळे थोडेथोडे आवळले. जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर त्याच क्रमाने पुन्हा घट्ट केले.

"बाजूला व्हा, मी पान्यावर उभा राहून उड्या मारतो," नाथा म्हणाला.

"नको. बोल्ट तुटेल. हाताने लागतो तेवढाच जोर." त्यांनी पुन्हा एकेक नट तपासला. "आणि थोडं पुढे गेल्यावर परत बघावं लागेल."

"फार संशयी माणूस आहे हा, शालन."

"असू दे. तुझ्यासारखा विश्वासू असता, तर चाक आपल्या आधी कोपरला पोचलं असतं."

भगवानराव हसले. हसू थांबेचना. डोंबिवलीत शिरेपर्यंत मांडीवरचा पिंपळ हलत होता.

डोंबिवलीत गाडी पुन्हा थांबवली. दोन नट पान्याने अजून किंचित फिरले. त्यांनी पाना खाली ठेवून वर पाहिलं, तर समोर टपालाची लाल पेटी. शालनही तिच्याकडेच बघत होती.

"नट झाले," ती म्हणाली. "अजून काही ढिलं राहिलंय?"

भगवानरावांचे कान तापले. "मी आत्ताच सांगतो ना…"

"तोंडी नको. मी तिकीट लावून विचारलंय."

त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. घामाने मऊ झालं होतं, पण पत्ता शाबूत होता. बॉनेट गरम, म्हणून दारावर टेकवून त्यांनी मायना न घालताच लिहिलं: 'हो. भिंत किती फूट आहे?' कार्डाच्या कोपऱ्यावर निळा अंगठा उमटला. ते धावतच पेटीपाशी गेले, या वयात शोभेल त्यापेक्षा बरेच जोरात, आणि कार्ड आत टाकलं.

परत येताना अर्ध्यावर थांबले. वळले. पेटीच्या फटीत डोळा लावून पाहिलं, कार्ड अडकलं तर नाही.

"भाऊजी," नाथा झेंडा हलवत ओरडला, "निघायचं, की थोडं पुढे जाऊन परत बघायला यायचं?"