चिमूटभर हिंग

श्वेताने रम्याचं दप्तर पलंगावर उपडं केलं आणि माझं डोकंच फिरलं. मी श्वेताची नणंद, रम्याची आत्या. पुण्याहून व्हाइटफील्डच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले, ती स्वयंपाकघर ताब्यात घेऊनच बसले.

"झडती कसली घेतेस पोरीची?"

"ताई, रिपोर्ट बघा ना! गहू न सोसणारा सीलिॲक आजार निघाल्यापासून गहू बंद केला, त्याला वर्ष होत आलं. रक्तातल्या अँटीबॉडी उतरत उतरत मध्येच अडकल्यात. डॉक्टर म्हणतात, कुठून तरी गहू पोटात जातोय. शाळेत कुणाचा तरी डबा खाते ही! शनिवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं नाही, सांगून ठेवते."

नऊ वर्षांची रम्या रडली नाही. "रक्त खोटं बोलत नाही, असं तूच म्हणतेस," ती म्हणाली. "मीपण नाही बोलत."

आता घ्या! दोघंही खरी असतील, तर उरलं कोण? माझं स्वयंपाकघर. हा विचार मला मुळीच आवडला नाही. तरी मी एकेक डबा ओट्यावर काढला. पोळ्या केव्हाच बंद, रवा घरात नाही, ज्वारी घरच्या चक्कीवर दळलेली. राहता राहिली हिंगाची डबी. चष्मा लावून वाचलं. हिंगात गव्हाचं पीठ होतं.

रोज वरणाच्या फोडणीत चिमूटभर, ताकात चिमूटभर. सुगरण म्हणून मिरवणाऱ्या मला जे कधी कळलं नाही, ते एवढ्याशा पोरीच्या रक्ताने पकडलं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणी न सांगता, न दाखवता, त्या रक्ताने चिमटीचीही दखल घेतली होती. मी डबी श्वेतापुढे धरली.

श्वेताने वाचलं आणि पलंगावर सांडलेलं दप्तर पुन्हा भरायला घेतलं. "रम्या, शनिवारी तू जा."

डबी कचऱ्यात गेली. रम्या वाढदिवसाला गेली, स्वतःचा नाचणीचा केक डब्यात घेऊन.

काही महिन्यांनी लॅबचा हयवदन रक्त घ्यायला घरी आला. एरवी सुई दिसली की रम्या बाल्कनीत पळायची. त्या दिवशी तिने आपण होऊन बाही वर केली.

"स्वल्प चुभेगा, पुट्टी," तो कानडी-हिंदी मिसळून म्हणाला, म्हणजे थोडंसं टोचेल, बाळ.

नळीत चढणारं रक्त ती टक लावून पाहत होती. मीही पाहत होते, देवाकडे बघावं तशी.

"आई, मी गव्हाचं काही खाल्लेलं नाही," ती म्हणाली. "आता हे सांगेल तुला."

श्वेताने तिचा दुसरा हात घट्ट धरला. "रक्ताला काय ते डॉक्टरांना सांगू दे. मला तू सांगितलंस, पुरे झालं."