चिलमीचं घर

धावजीच्या कमरेला चिलमीचं कोरीव लाकडी घर असे. ब्रह्मदेशच्या लढाईत खेचरं हाकताना एका मेलेल्या जपानी शिपायाच्या पट्ट्यातून त्याने ते काढलं होतं. आत त्या माणसाची बारीक चिलीम. वर नाकतोडा असा कोरलेला, की आत्ता उडेल.

दर दिवाळीला त्यांच्या बंजारा तांड्यावर पितरांची नावं घेऊन विस्तवात लापशी-तूप घालत. धावजी शेवटी चिमूटभर तंबाखू त्या जपान्यासाठी टाकी. त्याची बायको लालीबाई दरसाल भडके, "ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याले कायले बलावता?"

यंदा थोरला मुलगा धनसिंग चीनच्या लढाईत बेपत्ता होऊन वर्ष झालं होतं. पितरांची नावं संपली. धावजीने आणखी एक घास उचलला, "धन..."

तिने झडप घालून त्याचं तोंड दाबलं. "नाव घ्यान तर याद राखा! जित्ता हाये माहा लेक."

घास हातातच राहिला. लालीबाईने त्याच्या कमरेचं ते घर ओढून घेतलं, नाकतोड्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "याच्या मायनं घेतलं असन का हो याचं नाव?"

तिने त्याच्या हातातला घास घेतला आणि कोणाचंच नाव न घेता विस्तवात टाकला.