वाचनीय

मालकांना दर महिन्याला दहा चिठ्ठ्या हव्या असतात. नव्या पुस्तकावर माझ्या हस्ताक्षरात दोन-चार ओळी, खाली माझी सही, म्हणजे गिऱ्हाइकाला घरच्या माणसाने सांगितल्यासारखं वाटतं म्हणे. मालक स्वतः वर्षाला एक पुस्तक वाचतात, तेही अर्धं. महिन्याला दहा! मी दुकान उघडायचं, पेट्या फोडायच्या, न खपलेल्या पुस्तकांचे परतीचे गठ्ठे बांधायचे, घरी जाऊन स्वयंपाक करायचा. वाचू कधी, झोपेत?

चार वाचून होतात. त्यांच्यावर मी मनापासून लिहिते. परवाच्या रहस्यकथेवर लिहिलं, ‘खुनी तिसऱ्याच प्रकरणात कळला, तरी पुढे वाचताना दोनदा दूध उतू गेलं.’ सायकलने वाळवंट ओलांडणाऱ्या बाईच्या प्रवासवर्णनावर, ‘बाई भांडकुदळ आहे, म्हणूनच पोचली.’ एका बारक्या कवितासंग्रहावर, ‘पान एकोणीस इथेच उभ्या उभ्या वाचा आणि मग ठरवा.’ उरलेल्या सहांवर एकच शब्द टाकते : वाचनीय. पुस्तकच आहे, वाचता येतंच की.

गेल्या महिन्यात दादाची कादंबरी आली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर सहा वर्षं ही एकच कादंबरी लिहीत बसला. वहिनीने कधी विचारलं नाही, मुलांनी टिंगल केली. पहिली प्रत त्याने माझ्या हातात दिली. म्हणाला, “आपल्या घरात पुस्तकातलं तुलाच कळतं. तू काय म्हणतेस तेवढंच मला ऐकायचंय.”

साडेचारशे पानं. रोज पिशवीतून न्यायची, रोज तशीच परत आणायची. सुमार निघाली तर त्याला काय सांगू, या विचाराने पहिलं पानसुद्धा उलटवेना. महिनाअखेरीस मालक डोक्यावर येऊन उभे राहिले, “दहावी चिठ्ठी कुठाय?” मी चिडून दादाच्या पुस्तकावर ‘वाचनीय’ लिहिलं आणि मोकळी झाले.

शनिवारी दादा आला, इस्त्रीचा शर्ट घालून. नव्या पुस्तकांच्या टेबलापाशी जाऊन त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

“वाचनीय! म्हणजे जमलीय म्हणायची.”

मी परतीचा गठ्ठा उगाचच सोडून पुन्हा बांधायला घेतला. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरबाई आल्या. आमच्या नेहमीच्या. त्यांनी दादाचं पुस्तक उचललं, चिठ्ठी पाहिली आणि खाली ठेवलं.

दादाला राहवलं नाही. “घ्या ना. वाचनीय लिहिलंय.”

“अहो, म्हणून तर ठेवलं,” डॉक्टरबाई हसल्या. “यांनी वाचनीय लिहिलं म्हणजे पुस्तक उघडलेलंच नसतं. आम्हा सगळ्यांना माहितीये.”

सगळ्यांना! मला वाटत होतं, हे माझं मलाच ठाऊक. बाईंनी सायकलवालीचं प्रवासवर्णन घेतलं आणि गेल्या. त्यांचा इतका राग आला, की त्यांच्याकडून कधी दात काढून घेतला नाही याचंच बरं वाटलं.

दादा माझ्याकडे बघत होता. मी मालकांवर घसरले, दहाच्या आकड्यावर घसरले, पेट्या मोजून दाखवल्या. तो ऐकत राहिला. शेवटी माझं मलाच ते ऐकवेना.

“घाबरले रे,” मी म्हटलं. “वाईट निघाली असती तर?”

“तर वाईट आहे म्हणाली असतीस. दोन दिवस रुसलो असतो.”

“आजच बसते वाचायला. खरंच. उद्यापर्यंत सांगते.”

दादाने पुस्तकावरची चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आवाज जराही चढला नव्हता. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

“आता नको गं,” तो म्हणाला. “आता कशीही असली तरी तू चांगलीच म्हणशील.”

मी तोंड उघडलं. पण तो खरं बोलत होता.