पुलावरची गुलाबी पलटण

माझे धाकटे दीर लढाईच्या खेळात चार वर्षं कुणाकडून हरले नव्हते, आणि हे ते रोज जेवताना सांगायचे. लढाई म्हणजे टेबलावरची. बोटाएवढे सैनिक, पुठ्ठ्याच्या भिंती, मधोमध एक पूल, अंतर मोजायला टेप आणि बाकी सगळं फाशांच्या हाती. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात मागच्या खोलीत एक मोठं टेबल आहे. दर रविवारी सकाळी तिथे हे चालतं. मीही खेळते. भाऊजींनीच शिकवलं, आणि आता त्यांना त्याचा पश्चात्ताप होत असावा.

सैनिक एका मोठ्या कंपनीचे. एका पेटीत दहा निघतात आणि तेवढ्या पैशांत आमच्या घरचा आठवड्याचा किराणा येतो. तेही सोसलं असतं. पण कंपनी दर दोन-तीन वर्षांनी नवं नियमपुस्तक काढते आणि त्यात जुने सैनिक बाद करून टाकते. टपालकाकांचं तसंच झालं. तीस वर्षं घरोघरी पत्रं वाटून निवृत्त झालेला हा माणूस, अकरा वर्षं एकेक सैनिक जमवत होता. नवं पुस्तक आलं आणि त्यांची सगळी पलटण एका पानात बाद झाली. नवी घेणं पेन्शनीत बसेना. तरी दर रविवारी ते यायचे, भिंतीकडेच्या स्टुलावर बसायचे आणि आमचे डाव बघायचे. मला ते बघवेना. आधी आम्ही आठ जण होतो, आता चार उरलो होतो.

याच सुमारास मला एका दुसऱ्या खेळाचे नियम मिळाले. चार पानं, फुकट, आणि सैनिक कुठलेही चालतात. मी ती पानं घेऊन दुकानवालीकडे गेले. तिने टेबलामागच्या भिंतीवर उंच लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं: ‘या टेबलावर फक्त कंपनीचे सैनिक.’ पाटी भाऊजींच्या आग्रहाने लागली होती.

"वहिनी, आज तुम्ही हे आणाल, उद्या कुणी शर्टाची बटणं मांडेल," भाऊजी म्हणाले. "स्पर्धेची काही इज्जत आहे की नाही?"

"इज्जत पेटीत मिळते का, भाऊजी? मग मलाही एक द्या."

"फुकटच्या पलटणीने माझ्यासमोर सहा फेऱ्या काढून दाखवा, मग बोला."

दुकानवालीला आमच्या भांडणाचा कंटाळा आला होता. ती म्हणाली, "ठरलं तर. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी एक डाव, या चार पानांवरच्या नियमांनी. सहाव्या फेरीनंतर मधल्या पुलावर ताईंचा एक जरी सैनिक उभा असला तरी पाटी काढते. नसला, तर हा विषय माझ्या दुकानात पुन्हा निघायचा नाही."

स्टुलावरच्या काकांनी मान वर केली, आणि मी तिथेच मनाशी पक्कं केलं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, दातांवरच्या टोप्या, पूल (आमच्याकडेही पूल असतात, तोंडातले). मालकांना विचारून मी उरलासुरला माल घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मेणाचा एक सैनिक कोरला. त्याचा साचा केला आणि त्यातून तीस सैनिक काढले. माल कवळीचा, म्हणून पलटण हिरड्यांच्या रंगाची निघाली. रंगवायला काकांकडे दिली. त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे कुणाची मिशी गालावर गेली, कुणाची कानावर. बूट राहूनच गेले, ते गुलाबीच. पण तीस वर्षं ज्यांनी एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, त्यांनी एखादा सैनिक अर्धवट सोडला असं मी म्हणणार नाही.

घोटाळा माझाच होता. धातूची टोपी ओतताना धातू थंड होऊन आक्रसतो, म्हणून आम्ही जरा वाढीव माप धरतो. वीस वर्षांची सवय. सैनिक कोरतानाही हाताने ते माप धरलं, तेही सढळ. कवळीचा माल तितका आक्रसत नाही, हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. तीसच्या तीस सैनिक दोन मिलिमीटर उंच निघाले.

दोन मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण टेबलावरच्या भिंती कंपनीच्या सैनिकाच्या डोक्याएवढ्याच उंच. आमच्यात डोळा टेबलाला लावून, सैनिकाच्या डोळ्यांच्या पातळीवरून बघायचं असतं. समोरचा दिसला तर गोळी झाडायची. भाऊजींचे भिंतीमागे गडप, आणि माझ्या सगळ्यांची डोकी वर.

नवे करायला वेळ नव्हता. डावाच्या आधी मी सरळ सांगून टाकलं, "भाऊजी, माझे उंच झालेत. चालतील?"

ते पोट धरून हसले. "चालतील म्हणजे? दिसतील तेवढे मरतील!"

आणि मेलेच. दोन फेऱ्यांत माझे अकरा गेले. भिंतीमागे ठेवावा आणि भाऊजींनी टिपावा. तिसऱ्या फेरीत आणखी सहा. मला स्वतःचा राग आला, मग भाऊजींचा, मग कंपनीचा, आणि मग मी ठरवलं की लपायचंच नाही. उरलेले सगळे पुलाकडे पळवले. एकाला पुलाजवळच्या भिंतीला चिकटवून उभा केला आणि त्याच्या डोळ्यांशी माझा डोळा नेला.

भिंतीपलीकडे भाऊजींचा सेनापती उभा होता. लाल झग्यातला, तीन पेट्यांच्या किमतीचा. कंपनीच्या कुठल्याही सैनिकाला तो तिथे दिसला नसता, म्हणून भाऊजी त्याला नेहमी तिथेच ठेवायचे. माझ्या सैनिकाला त्याचा अख्खा चेहरा दिसत होता. इतका वेळ मी दिसते म्हणून मरत होते. ज्याचं डोकं वर असतं त्याला दिसतंही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"सेनापतीवर गोळी," मी म्हणाले.

"भिंतीमागचा कसा मरेल?"

"बघा की, डोळा लावून."

भाऊजी वाकले. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार. माणूस बढाईखोर आहे, पण खोटारडा नाही.

"दिसतोय," ते म्हणाले.

मी फासे टाकले. सेनापती पडला, आणि या नियमांत सेनापती पडला की त्याची पलटण एक फेरी जागची हलत नाही. पुलावर चढायला तेवढी एक फेरी मला पुरली. पुढच्या दोन फेऱ्या भाऊजींनी जिवाच्या आकांताने मारा केला. सहावी संपली तेव्हा पुलावर माझा एकच उरला होता, गुलाबी बुटांचा, मिशी कानापर्यंत गेलेला.

दुकानवालीने स्टूल मागितलं, पाटी काढायला. काका उठले, आणि उभ्याउभ्याच त्यांनी कोटाच्या खिशातून मोजायची टेप काढली. पट्टीवरचे आकडे पुसत आले होते. पलटण बाद होऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि तरी एकाही रविवारी ही टेप घेतल्याशिवाय ते घरातून निघाले नव्हते.

"माझे जुने चालतील ना आता?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी पडलेले सैनिक गोळा केले, टेबल मोकळं केलं आणि म्हणाले, "घेऊन या, काका. मी थांबतो."